आजचं वचन, आजची मजुरी



तुमच्याही मोबाइलवर बायबल वाचनाचं एखादं अ‍ॅप असेल. रोजचं वाचन झालं की बरोबरची खूण येते आणि किती दिवस सलग वाचलं याचा आकडा वाढत जातो. १ जानेवारीला संपूर्ण बायबल वर्षभरात वाचून काढायचा निश्चय करून मी सुरुवात केली होती. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे जास्त. त्या हिशेबाने जानेवारीच्या शेवटी माणूस लेवीय या पुस्तकात पोहोचतो आणि बहुतेकांचे निश्चय तिथेच संपतात. अर्पणांचे प्रकार, त्वचारोगाचे नियम, काय शुद्ध आणि काय अशुद्ध. खरं सांगते, मीही जांभया देत वाचत होते. पण चौतिसाव्या दिवशी १९ वा अध्याय आला. त्यात एक साधी आज्ञा आहे: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये.

मला ती फार आवडली. खिडकीतून तंजावरचं उजाडणारं आकाश दिसत होतं. त्याचा फोटो काढला, त्यावर वचन टाकलं आणि स्टेटसला ठेवलं. पटापट बदाम आले.

आठ वाजता फाटकाशी इस्त्रीवाली अक्का आली. आमच्या गल्लीच्या टोकाला तिची हातगाडी असते, कोळशाची जड इस्त्री असते. मी घड्या घातलेले कपडे घेतले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, "नाळैक्कु, अक्का." उद्या देते. हे मी तीन आठवडे म्हणत होते. अक्काकडे मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय नाही, मी सुटे पैसे ठेवत नाही, एवढंच कारण. ती वळली, मग थांबली आणि म्हणाली, "कोळसेवाला आता उधार देत नाही, कण्णु." आवाजात राग नव्हता. ती निघून गेली.

दुपारी आईने माझं स्टेटस बघितलं. तिने फक्त विचारलं, "अक्काचे पैसे दिलेस का गं?"

४६ कपडे, ८ रुपयांप्रमाणे ३६८ रुपये. एटीएम आणि परत गाडीपर्यंत, दहा मिनिटंही लागली नाहीत. ३४ दिवसांत रोज वीस मिनिटं धरली तरी मी अकरा तासांहून जास्त वाचलं होतं. त्या अकरा तासांनी माझ्याकडून जे करून घेतलं नाही, ते आईच्या एका प्रश्नाने करून घेतलं.

त्यानंतर मी मुद्दाम शिवगंगा तलावाजवळच्या जुन्या चर्चमध्ये गेले. बाबांची बदली झाल्यापासून आम्ही तंजावरला राहतो. पाहुणे आले की त्यांना मोठं देऊळ दाखवतो, सरस्वती महाल ग्रंथालय दाखवतो. या चर्चकडे मात्र कोणी फारसं वळत नाही. १७७९ मध्ये बांधलेली ही वास्तू श्वार्ट्झ चर्च म्हणून ओळखली जाते. आत एका भिंतीवर पांढऱ्या संगमरवरात कोरलेलं चित्र आहे. पलंगावर एक म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय आणि पागोटं घातलेला तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. म्हातारा म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, जर्मन मिशनरी. तरुण म्हणजे आपले सरफोजी राजे भोसले, दुसरे. लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून सरफोजींनी हे करवून घेतलं.

श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीला पोहोचला आणि १७९८ मध्ये तंजावरला वारला. मधल्या ४८ वर्षांत तो तमिळ शिकला, आणि तंजावरच्या दरबारात बोलता यावं म्हणून चक्क मराठी शिकला. तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या छोट्या सरफोजीची काळजी त्याच्यावर सोपवली गेली. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिले. तरी श्वार्ट्झच्या समाधीसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. श्वार्ट्झचे कंपनी सरकारशी संबंध होते, गादीच्या वादात त्याने बाजू घेतली होती. त्यावर इतिहासाचे अभ्यासक खुशाल वाद घालोत. मला त्याची आठवण आली ती तांदळासाठी.

हैदर अलीशी युद्ध चालू होतं, १७८० नंतरची वर्षं. तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली होती. बाहेर गावांत धान्य होतं, पण ते आणायला बैल मिळेनात. राजाने आणि इंग्रजांनी सांगून पाहिलं, पण शेतकरी येईनात, कारण पूर्वी त्यांचं धान्य आणि बैल घेऊन त्यांना मोबदला दिला गेला नव्हता. शब्दावरचा विश्वासच उडाला होता. शेवटी श्वार्ट्झला विचारलं गेलं. त्याने निरोप पाठवले की आलेल्या प्रत्येक बैलाचे पैसे मी माझ्या हाताने देईन. एकदोन दिवसांत हजारावर बैल आले आणि किल्ल्यात ८०,००० कलम धान्य पोहोचलं. कलम हे इकडचं धान्याचं जुनं माप. श्वार्ट्झने शब्द दिल्याप्रमाणे पैसे चुकते केले.

विचार करा, राजाच्या शिक्क्यापेक्षा एका परक्या म्हाताऱ्याचा शब्द त्या शेतकऱ्यांना खरा वाटला. हे एका दिवसात होत नाही. त्याचा दिवस कसा जायचा याची वर्णनं आहेत. पहाटे त्याचे तमिळ सहकारी जमायचे, एकत्र प्रार्थना व्हायची, मग ते गावोगाव आणि गल्ल्यांत जायचे. संध्याकाळी परत येऊन काय झालं, कोण भेटलं ते सांगायचे आणि पुन्हा प्रार्थना व्हायची. आपण या दिवसाचा पहिला अर्धा भाग उचलला आहे. संध्याकाळी परत येऊन सांगण्याचा भाग आपण सोडून दिला आहे.

तेव्हा मी काय बदललं ते सांगते. पटलं तर तुम्हीही करून बघा.

अ‍ॅप मी काढून टाकलं नाही, पण सलग दिवसांचा आकडा बंद केला. वर्षात संपवायचं हा हट्टही सोडला. आता मी वाचत जाते आणि आज करता येईल असं काहीतरी सापडलं की थांबते. कधी तीन ओळींत सापडतं, कधी अख्खा अध्याय वाचावा लागतो. मग एका रेघी वहीत एकच ओळ लिहिते. "प्रेमळ व्हायचं" असलं काही नाही, कारण ते रात्री तपासता येत नाही. "मामींना फोन करायचा", "ऑफिसच्या त्या ईमेलला टोमणा न मारता उत्तर द्यायचं" असं. रात्री वही उघडते आणि झालं असेल तर खूण करते. याकोबाच्या पत्रात आरशाचा दाखला आहे ना? आरशात चेहरा बघून निघून गेलेला आणि आपण कसे दिसतो ते विसरलेला माणूस. रात्रीची वही म्हणजे परत आरशाशी येणं, असं मी समजते.

वेळ कोणती, असं बरेच जण विचारतात. जी रोज आपोआप येते ती. माझी फिल्टर कॉफीची आहे, डिकॉक्शन उतरेपर्यंत वाचन होतं. आमच्या गल्लीतल्या बायकांकडे बघा. पहाटे अंगण झाडून, पाणी शिंपडून कोलम काढतात. दुपारपर्यंत पायांनी आणि चाकांनी तो पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. कालचा कोलम राहिला म्हणून आज दोन काढत बसलेली बाई मी पाहिलेली नाही. एक दिवस वाचन चुकलं तर तुम्हीही मागची थकबाकी भरत बसू नका. आजचं वाचा.

मोबाइलवर वाचताना मेसेज येतात आणि मन उडतं, हे खरं आहे. म्हणून सकाळी मी कागदी बायबल घेते आणि बसमध्ये मोबाइल. डोळ्यांना त्रास होत असेल तर ऐका. नवीन असाल तर उत्पत्तीपासून सुरू करायलाच हवं असं नाही. मार्ककृत शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे, रोज एक धरला तर सोळा दिवसांत होतं. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांना बरोबर बसतात. लहान मुलं घरात असतील तर रात्री जेवणानंतर एक गोष्ट पुरे. लूकच्या १० व्या अध्यायातला चांगला शोमरोनी वाचा आणि विचारा, "आज शाळेत यातलं कोण झालास?" तात्पर्य सांगू नका, मुलं स्वतःच बोलतात.

नारायण वामन टिळकांची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून तो गेला. टिळकांनी नेहमीच्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला सुरुवात केली आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाशी अडकले, पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला यातली पेन्सिल महत्त्वाची वाटते, आणि ते अडकणंही. आपण अडकत नाही, बोटाने वर सरकवतो.

आणि भाषा अवघड वाटते ही सबबही फार टिकत नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षं काम केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनीच ते छापलं. आज तर सोप्या मराठीतल्या आवृत्त्या खिशात मावतात.

दोन गोष्टींपासून मात्र सांभाळा. एक म्हणजे डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि त्यावर बोट ठेवून आजचा निर्णय घ्यायचा. आमच्याकडे झाडाखाली बसलेला ज्योतिषी पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढून घेतो, तसंच हे. मागचं पुढचं वाचल्याशिवाय वचन कोणाला आणि कधी सांगितलं ते कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त मोहाची आहे. वाचताना "हे अगदी आमच्या ह्यांना लागू आहे", "सूनबाईने वाचायला हवं" असं वाटतं आणि वचन लगेच फॉरवर्ड होतं. माझ्या वहीत दुसऱ्या कोणाचं काम लिहायला जागा नाही, असा मी नियम केला आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली, कारण मला तो प्रश्न तिनेच विचारला होता. पण आईचं वेगळं.

सगळ्या ओळींवर खूण होते असं समजू नका. स्तोत्रसंहितेत कितीतरी दिवस करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं देवापुढे रडणं असतं. त्या दिवशी मी वहीत फक्त स्तोत्राचा क्रमांक लिहिते. आणि मार्चपासून एक ओळ तशीच पडून आहे. मत्तयाचा १८ वा अध्याय, सत्तर वेळा सात. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचं नाव आहे तिथे. तिने माझ्याबद्दल जे बोलून ठेवलं ते अजून मनातून जात नाही. दर रविवारी मी ती ओळ नव्या पानावर उतरवून घेते. एकदा नंबर काढला होता, लावला नाही.

अक्काचे पैसे आता त्याच दिवशी देते. दाराजवळच्या डब्यात दहाच्या नोटा ठेवल्या आहेत. गेल्या आठवड्यात तिने चार कपडे आणले, मी चाळीस दिले आणि ती आठ परत करू लागली. मी राहू दे म्हटलं तर तिने ऐकलं नाही, हिशेब म्हणजे हिशेब. सध्या माझं वाचन लूकच्या १९ व्या अध्यायावर आलं आहे. तिथे जकातदार जक्कय झाडावरून उतरतो आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत करायला निघतो. ३६८ ची चौपट १,४७२ होते. वहीत अजून काही लिहिलेलं नाही.