ढील आणि खेच

शुद्धलेखन, मुलांचे वाचन, परप्रांतात राहून घरातील मराठी कशी जपावी, असे विषय या सदरातून आपण नेहमी वाचता. आज मात्र मी मासे धरण्याच्या रिळाविषयी लिहिणार आहे. बडोद्यात राहणाऱ्या आणि सरकारी शाळेच्या फळ्यासमोर उभी हयात घालविलेल्या माणसाला हे काय सुचले, असे आपल्या मनात येईल. कारण अगदी साधे आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत माझ्या पुतण्याला मोजावी लागली. चूक कबूल केल्यावाचून धडा पुरा होत नाही, हे मी गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. तेव्हा आता माझी पाळी.

माझे थोरले बंधू आज हयात नाहीत. त्यांचा मुलगा कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर बेटावर, नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. तेथील रिवाजाप्रमाणे त्याला सॅमन मासा गळाने धरण्याचा छंद जडला. मी त्याच्याकडे गेलो, त्याच आठवड्यात त्याला नवे रीळ घ्यायचे होते. "बाबा असते तर त्यांना विचारले असते, काका. आता तुम्ही चला," असे तो म्हणाला. इतके म्हटल्यावर, मला यातले काही कळत नाही, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही.

आधी एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. आपल्याकडे खाणावळीच्या पाटीवर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. चवीला रावस कोणाला हार जाणार नाही. पण त्याचे कुळ वेगळे. रावसाच्या छातीच्या परांखाली दोऱ्यासारखे तंतू लोंबतात, ते त्याच्या घराण्याचे चिन्ह. खरा सॅमन थंड पाण्याचा. पॅसिफिक महासागरातील सॅमन गोड्या नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो, पुन्हा नदीत परततो, आणि अंडी घातल्यावर मरण पावतो. परतीच्या वाटेवर नदीत शिरला की त्याचे खाणे थांबते. म्हणून खाऱ्या पाण्यात असतो तोवरच तो चांदीसारखा लखलखीत, भुकेला आणि अंगात पुरेपूर जोर असलेला असतो. त्याच्या पाच मुख्य जातींपैकी चिनूक ही सर्वांत मोठी. 1985 साली अलास्कातील कीनाय नदीत गळाने धरलेला एक चिनूक 97 पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे 44 किलो, भरला होता. आम्ही ज्याच्या मागे होतो तो कोहो. तो सामान्यतः चारपाच किलोंचा, पण अंगाने मोठा चपळ.

दुकानात रिळांची रांग पाहून मी भांबावलो. अखेर शिक्षकाच्या सवयीने मी गुणपत्रिका वाचू लागलो. एका खोक्यावर ठळक अक्षरांत छर्ऱ्यांच्या बेअरिंगांची मोठी संख्या छापली होती. शेजारच्या महागड्या रिळात ती जेमतेम तीनचार होती. पहिले चकचकीत आणि स्वस्त, दुसरे काळपट आणि महाग. "हेच घे," मी पहिल्याकडे बोट दाखविले. "जास्त बेअरिंगे, कमी पैसे, विचार कसला करतोस?" पुतण्याची नजर दुसऱ्या रिळावर रेंगाळली होती, हे मला दिसले होते. तरी त्याने माझा शब्द मोडला नाही.

दोन दिवसांनी पहाटे सूक गावाहून आम्ही हुआन द फुकाच्या सामुद्रधुनीत होडी काढली. समोर धुक्यात अमेरिकेचे डोंगर. अर्ध्या तासात काठी वाकली आणि मासा लागला. पहिल्याच उसळीत तो खोल निघाला. रीळ क्षणभर फिरले, मग अडले, आणि आवाज होऊन तंगूस तुटली. सारा खेळ दोन श्वासांचा. पुतण्या तुटलेले टोक हातात धरून उभा राहिला. मासा गेल्याचे दुःख कोणालाच नव्हते. तो तोंडात गळ घेऊन गेला, हे मात्र लागले. "बिनकाट्याचा गळ आहे, काका. निघून जाईल," एवढेच तो बोलला. रागावला असता तर मला बरे वाटले असते. दादाही असेच होते, कमी बोलत.

त्या रात्री शेजारच्या एका वृद्ध कोळी गृहस्थांनी ते रीळ स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडले, आणि माझी शाळा भरली.

रीळ म्हणजे आपली पतंगाची फिरकी, हे बडोदेकरांना सांगावयास नको. फरक एवढाच की फिरकी धरणारा माणूस जे बोटांनी करतो, ते काम रिळात एक ब्रेक करतो. चकत्यांवर चकत्या दाबून बसविलेल्या असतात. माशाची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या घसरतात आणि दोरा सुटू लागतो. ही घसरण मऊ असली पाहिजे. थांबलेली वस्तू हलविण्यास जे बळ लागते ते चालत्या वस्तूला लागणाऱ्या बळापेक्षा अधिक असते, हा घर्षणाचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. हलक्या रिळात हा फरक फार मोठा असतो. सुटतानाच असा झटका बसतो की दोरा तुटतो. आमच्या रिळात ब्रेकच्या चकत्या निकृष्ट होत्या. त्यांच्यात ओल शिरून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बेअरिंगांची संख्या तेथे काय करणार? चांगल्या रिळात चकत्या बहुधा कार्बनच्या धाग्यांच्या असतात आणि पाणी आत शिरू नये अशी बंदिस्त योजना असते.

म्हणून पहिली कसोटी ब्रेकची. दुकानातच दोरा भरून घ्यावा आणि त्याला ताणकाटा लावून हळूहळू ओढावा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील तोच काटा. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ब्रेक लावण्याचा प्रघात आहे; 20 पौंडी दोऱ्यास पाच ते साडेसहा पौंड. काटा त्या आकड्यापाशी स्थिर राहिला तर रीळ चांगले. उड्या मारू लागला, तर ते परत ठेवावे.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. सॅमनसाठी 20 ते 30 पौंडी नायलॉनची तंगूस अडीचशे-तीनशे यार्ड सहज मावावी. हे केवळ लांबीसाठी नव्हे. मासा दूर गेला की रिळावरचे वेटोळे लहान होते, आणि ब्रेक तोच असूनही दोऱ्यावरचा ताण वाढतो. वेटोळ्याचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. नवशिका नेमका त्याच वेळी घाबरून ब्रेक आवळतो. रुंद वेटोळ्याचे रीळ भरलेले ठेवावे, आणि मासा दूर असता ब्रेक आवळण्याऐवजी किंचित सैल करावा, ही त्या वृद्धांची शिकवण.

तिसरी गोष्ट धातूची. खारे पाणी हा रिळाचा सर्वांत मोठा शत्रू. ॲल्युमिनियमला पोलाद किंवा पितळ चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी आले की तेथे जणू लहानसा विद्युत्घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून अंगावर विद्युत्प्रक्रियेने संरक्षक थर चढविलेले ॲल्युमिनियम असावे आणि आतली बेअरिंगे न गंजणाऱ्या पोलादाची असावीत. तीनच असली तरी चालतील. खाऱ्या पाण्यात टिकणारी हवीत. ज्या काळपट रंगाला मी नाक मुरडले होते, तो रंग त्या संरक्षक थराचाच होता!

चौथी गोष्ट जातीची. एक साधे चक्री रीळ असते. मुठीचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. चार इंची चाक असले तर एका फेऱ्यात जेमतेम बारा इंच दोरा येतो. मासा धावला की मूठही उलटी गरगरते आणि बोटांच्या सांध्यांवर असा तडाखा देते की त्याला तेथे गमतीने सांधेफोडे म्हणतात. ब्रिटिश कोलंबियातील जुनेजाणते लोक तरीही त्याचेच चाहते, कारण माशाची प्रत्येक हालचाल हाताला कळते. दुसरे दातेरी चाकांचे. मुठीच्या एका फेऱ्यात चाक चारपाच वेळा फिरते. होडीमागे शिशाच्या दहापंधरा पौंडी गोळ्याने आमिष खोल उतरविले असेल, तर मासा लागताच चिमट्यातून दोरा सुटतो आणि ढिला पडतो. गळाला उलटा काटा नसल्यामुळे ढिला दोरा म्हणजे निसटलेला मासा. तेथे हे वेगवान रीळ उपयोगी. कोहो तर कधी उलट होडीकडेच धाव घेतो. नवशिक्याने हेच घ्यावे.

शेवटची गोष्ट निगेची. घरी आल्यावर ब्रेक आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करावा. जोराची धार मारू नये, तिने मीठ आत शिरते. मग पुसून, सुकवून ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावा, म्हणजे चकत्या दबून राहात नाहीत.

याच बेटावर कॅम्बेल रिव्हर येथे 1924 साली स्थापन झालेला टायी क्लब आहे. वल्ह्यांच्या होडीतून, 20 पौंडांहून अधिक ताकद नसलेल्या दोऱ्याने आणि एकाच बिनकाट्याच्या गळाने किमान 30 पौंडांचा चिनूक धरील, त्यालाच तेथे सभासदत्वाचा मान मिळतो. दोऱ्याहून जड मासा धरावयाचा, तर दांडगाईचा काय उपयोग? सैल केव्हा सोडावे हे ज्याला कळते, त्यालाच तो मासा मिळतो.

आम्ही ते काळपट रीळ विकत आणले. पैसे मी दिले. फार वादावादीनंतर त्याने ते घेतले. परतण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा कोहो लागला. या वेळी दोरा अखंड, मऊ आवाजात सुटत राहिला, आणि थोड्याच वेळात मासा होडीच्या कडेला आला. पैदास केंद्रात वाढविलेल्या माशांचा शेपटीजवळचा पाठीवरचा इवलासा पर लहानपणीच कापून खूण केलेली असते. याचा पर शाबूत होता. म्हणजे हा नदीतच जन्मलेला, आणि तेथील नियमाप्रमाणे सोडून देण्याचा. पुतण्याने त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडविला. मासा क्षणभर थांबला, मग शेपटीचा एक फटकारा मारून खाली गेला. तोही नदीकडेच निघाला असणार. वाईट रिळावर झुंज लांबली असती तर तो थकून, सुटूनही मेला असता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. चांगले रीळ माशासाठीही घ्यावयाचे असते.

होडी परतताना मला दांडिया बाजारातील आमची गच्ची आठवली. उत्तरायणाचा दिवस, दादा पतंग उडवीत आणि मी मागे फिरकी धरून उभा असे. मांजा भराभर जाऊ लागला की मी भिऊन फिरकी घट्ट धरी, आणि पतंग हातचा जाई. "अरे, धर, पण सैल धर!" दादा म्हणत. सारा जन्म मुलांना शिकविण्यात गेला, आणि त्या दुकानात मी पुन्हा घट्टच धरले. माझ्या मोठ्या झालेल्या पुतण्याच्या हातात निवडसुद्धा राहू दिली नाही.

हे मी त्याला होडीतच सांगितले. तो हसला, आणि रीळ माझ्या हाती देऊन म्हणाला, "आता तुम्ही, काका." पुन्हा मासा काही लागला नाही. पण मी ब्रेक तेवढा ताणकाट्याने तपासून घेतला.