येथील कुशल जाणावें

आमच्या पिढीनें पत्रलेखनाचा पहिला धडा गिरविला तो एका ठराविक वाक्यावर: येथील कुशल जाणून आपलें कुशल कळवीत जावें. पुढें मजकूर असो वा नसो, हें वाक्य चुकत नसे. तरुणपणीं आम्हांस तो निव्वळ उपचार वाटे. ज्या पत्रांत सांगण्याजोगें कांहींच नाहीं तें धाडावेंच कशाला, असा आमचा आक्षेप असे. त्या आक्षेपाचें उत्तर मिळावयास साठी उलटावी लागली, आणि तें मिळालें आमच्याच घरांत.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या मातोश्री आतां नव्वदीच्या घरांत आहेत. तिघे बंधू, भावजया, सुना असें मोठें कुटुंब असल्यामुळें त्यांच्या सेवेस माणसांची वाण नाहीं. रक्तदाबाची गोळी सकाळीं न्याहारीनंतर द्यावयाची. त्या दिवशीं धाकट्या भावजयीनें ती दिली आणि ती पूजेच्या तयारीस लागली. आम्ही स्नान आटोपून आलों, तों न्याहारीची ताटली रिकामी दिसली. कर्तव्यबुद्धीनें आम्हींहि एक गोळी दिली. मातोश्रींनीं ती मुकाट्यानें घेतली. दुपारीं उठतांना त्यांस भोवळ आली आणि त्या पडल्या. डॉक्टर आले, रात्र आम्हीं जागून काढली, ईश्वरकृपेनें निभावलें. पण त्या रात्रीं दोष कोणाचा यावरून घरांत जे शब्द निघाले ते पुष्कळ दिवस सलत राहिले. वास्तविक सेवा दोघांचीहि खरी होती. उणा पडला तो एकच शब्द: ‘दिली.’

आमचा पुतण्या येथील रेल्वेच्या कंट्रोल कचेरींत आहे. रात्रपाळी करून तो सकाळीं परतला, हकीकत ऐकली आणि म्हणाला, “काका, लाइन क्लिअर न घेतां तुम्हीं गाडी सोडलीत!”

भुसावळकरांस रेल्वे परकी नाहीं. १८७० सालीं मुंबईची लोहवाट जबलपुराकडून कलकत्त्यास जोडली गेली, ती आमच्या दारावरून. येथेंच मार्ग दुभंगतो. एक अकोल्यावरून नागपुरास जातो, दुसरा खंडव्यावरून इटारसीस. पण रोज शिट्या ऐकूनहि या गाड्या एकमेकींवर आदळत कां नाहींत, याचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. पुतण्यानें तो उलगडून सांगितला.

जुनी आणि आजहि पुष्कळ ठिकाणीं चालणारी रीत अशी. दोन स्टेशनांमधील टप्प्यांत एका रुळावर एका वेळीं एकच गाडी असावी. गाडी सोडण्यापूर्वीं अलीकडचा मास्तर पलीकडच्यास विचारतो. तो लाइन क्लिअर देतो. गाडी सुटली कीं सुटल्याची वेळ जाते, पोंचली कीं पोंचल्याची येते. आणि पोंचली म्हणजे नुसतें एंजिन दिसलें असें नव्हे. शेवटच्या डब्यामागील ‘एल. व्ही.’ची पाटी, रात्रीं तांबडा दिवा, पाहावा लागतो. कारण वाटेंत जोड तुटून कांहीं डबे मागेंच राहिले असतील तर? आतां बऱ्याच ठिकाणीं हें काम आंस मोजणारीं यंत्रें करतात. तत्त्व मात्र तेंच.

फाटकवाल्याची गोष्ट आम्हांस याहून मार्मिक वाटली. जेथें फाटक सिग्नलाशीं जोडलेलें नसतें, तेथें मास्तर दूरध्वनीवरून तें बंद करावयास सांगतो. त्यावर नुसतें ‘बरें’ म्हणून भागत नाहीं. फाटक लावून फाटकवाल्यानें आपल्या तक्त्यांतील एक अंक सांगावयाचा. यास ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. हे अंक क्रमानें मांडलेले नसतात, आणि वापरलेला अंक खोडावयाचा असतो. झोपेंत, सवयीनें ‘हो’ म्हणण्यास वावच उरत नाहीं.

स्वतः कंट्रोलर तर एकहि गाडी डोळ्यांनीं पाहत नाहीं. स्टेशनांकडून येणाऱ्या वेळांवरून पूर्वीं तो कागदावर रेघा ओढी; आतां तेंच चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटतें. आम्हीं विचारलें, “तुला भीति कशाची वाटते? गाडी उशिरा असल्याच्या बातमीची?” तो म्हणाला, “नाहीं. जी बातमी यावयास हवी होती आणि आली नाहीं, तिची.”

पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत काम करणाऱ्या आमच्या कन्येसहि हें पटलें. तिचे सहकारी कोणी बंगळुरास, कोणी परदेशीं. रोज सकाळीं प्रत्येकानें तीन ओळी लिहावयाच्या: काल काय झालें, आज काय करणार, कोठें अडलें. ती म्हणते, पहिल्या दोन ओळींनीं काम दिसतें, पण तिसरीनें मदत मिळते. आणि ती लिहावयास धैर्य लागतें.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. आम्हीं नोकरीभर टाचणवही लिहिली. ती आपल्या उपयोगाची वाटली तोंवर रोज भरत असे. केवळ तपासणीपुरती ठरली तेव्हां साऱ्या आठवड्याचीं टाचणें शनिवारीं एका बैठकींत उतरूं लागलीं. त्या अपराधांत आम्हीहि होतों. वार्ता सोबत्यासाठीं असेल तर ती खरी राहते. पहाऱ्यासाठीं असेल तर शोभेची होते. सुनेनें कोठें जावें, किती वेळ बसावें, याचा हिशेब मागण्यास कोणीं आमच्या या लेखाचा आधार घेऊं नये.

घरांत आम्हीं केलें तें इतकेंच. औषधांच्या कपाटाशेजारीं एक पाटी टांगली. गोळी गिळलेली पाहावी, मगच वेळ व नांव लिहावें; आणि देणाऱ्यानें आधीं पाटी वाचावी. नासिकच्या बंधूंसाठीं भ्रमणध्वनीवर निराळा गट केला, कारण कुटुंबाच्या जुन्या गटांत शुभप्रभाताच्या फुलांखालीं कामाची ओळ गाडली जात असे. या गटांत रोज रात्रीं एकच ओळ जाते: जेवल्या, औषध घेतलें, झोंप लागली. ज्यानें वाचली त्यानें ‘पाहिलें’ एवढें लिहावयाचें. विशेष कांहीं घडलें नाहीं, त्या दिवशींहि ती ओळ चुकत नाहीं.

पहिल्या आठवड्यांत धाकट्या भावजयीनें पाटीवर वेळ लिहिली आणि खालीं आम्हांस विचारलें, “भाऊजी, वाचलें ना?” रागाचा स्वर त्यांत नव्हता. श्रावणापासून आमच्याशीं ती मोजकेंच बोलत असे. पाटीनें औषध तर सांभाळलेंच, पण हें बोलणेंहि परत आणलें, याचें आम्हांस अधिक समाधान आहे.

ज्यांच्या घरीं वृद्ध वा रुग्ण माणूस अनेकांच्या हातीं आहे, त्यांनीं पाटी टांगण्यास आमच्यासारखी भोवळ येण्याची वाट पाहूं नये.