पाण्याचा जमाखर्च

विहीर आटली कीं दोष आभाळाला, आणि नांगरलेली माती ओढ्यांतून वाहून गेली तरी दोष आभाळालाच, अशी आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. आभाळाचा स्वभाव पालटत चालला आहे, ही गोष्ट खरी. हवा एक अंश तापली म्हणजे तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प सामावतें, आणि तें पुढें सवडीनें न पडतां एकदम कोसळतें. मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या अवधींत सुमारें तिप्पट झाले, असें शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं नोंदींवरून दाखवून दिलें. परंतु आभाळ आमच्या हातीं नाहीं. शेत व विहीर आहेत, आणि त्यांच्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या दख्खनच्या पठाराखालीं काळा अग्निजन्य पाषाण आहे. वरचा झिजलेला थर, मुरूम, व खडकांतील भेगा, एवढींच काय तीं पाणी सांठविण्याचीं भांडीं. त्यांच्या खालीं समुद्र भरला आहे अशी कोणाची कल्पना असल्यास ती त्यानें सोडून द्यावी. कूपनलिका, म्हणजे लोक जिला बोअर म्हणतात ती, २०० फूट नेली, पाणी लागलें नाहीं म्हणून ५०० फूट नेली, तर पुष्कळदां हातीं लागते ती दगडाची भुकटी व कर्जाचा कागद. आणि पाणी लागलेंच, तर तें शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारें पाणी नसेलच असें नाहीं. बांध जमिनीवर असतात. जमिनीच्या पोटांत नसतात.

पाणी अडवावें, माती धरावी, हा उपदेश कांहीं नवा नव्हे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारनें पलटणींतील व पोलिसांतील फावल्या शिपायांकडून ताली व बंधारे घालवावे, जेणेंकरून पावसाचें पाणी शेतांत मुरेल, अशी सूचना त्यांत आहे. अलीकडे या कामीं सरकारी योजनाही बऱ्याच झाल्या. परंतु पाणी अडविणें हा केवळ जमेचा रकाना झाला. खर्चाच्या रकान्याकडे कोण पाहतो?

बंधारा झाला, विहिरींना पाणी चढलें, म्हणजे गांवांत आनंदीआनंद होतो. आणि त्याच आनंदाच्या भरांत नवे पंप बसतात व ऊस लागतो. आडसाली ऊस सुमारें दीड वर्ष रानांत उभा असतो, व भर उन्हाळ्यांतही त्याला पाणी पाहिजेच. मग एखादें अवर्षण आलें कीं त्या गांवांत पुन्हां टँकर. शेततळ्याचेंही तेंच. तें ओढ्याच्या पुरानें भरलें तर उत्तम; परंतु विहिरींतून उपसून, प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत भुईचें पाणी सूर्याला पाजावें, याला आम्ही सांठवण म्हणूं शकत नाहीं.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवाचें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेल. तेथें श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० नंतर चर खणले गेले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली. इतकें इतर गांवांनींही केलें. हिवरे बाजारचें विशेष निराळें आहे. शेतीकरितां बोअर घ्यावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, असें त्या गांवानें ठरविलें. पावसाळा सरल्यावर किती पाऊस पडला तें मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें ठेवितात. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी वजा करितात, आणि उरेल त्यावरून रब्बीचीं पिकें ठरतात. पोटासाठीं परगांवीं गेलेलीं कित्येक कुटुंबें तेथें परत आलीं.

“माझ्या शेतांत मीं काय लावावें हें गांवानें कां सांगावें?” असें कोणी विचारील. प्रश्न गैर नाहीं. उसाचा किमान दर सरकार ठरवितें व कारखाना तो ऊस तोडून नेतो. ज्वारी-करडईला बाजारांत तसा आधार बहुधा मिळत नाहीं. मुलांची फी भरावयाची असली म्हणजे बाप उसाकडे वळतो. त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तथापि बोअर खोल नेण्याच्या या शर्यतींत प्रथम हरतो तो उथळ विहिरीचा लहान शेतकरी. त्याचीं मुलेंही याच शाळेंत, याच बांकांवर बसतात. एकाची फी दुसऱ्याच्या विहिरींतून निघावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. म्हणून ठराव एकट्यानें नव्हे, सर्व गांवानें केला पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं दिवाळीच्या सुटींत एक गणित करावें. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ४०० मिलिमीटर म्हणजे ४० लाख. त्यांतलें बरेंचसें वाहून वा उडून जातें, मुरतें तें थोडें, हें विसरूं नये. नंतर पंपाखालीं २०० लिटरचें पिंप ठेवून तें किती सेकंदांत भरतें तें घड्याळावर पाहावें, व त्यावरून हंगामाचा उपसा काढावा. पालकांनीं यास पोरखेळ समजूं नये. दोन्ही रकाने शेजारीं शेजारीं मांडलेला तो कागद, गहूं किती व हरभरा किती हें ठरण्याच्या आंत, वडिलांच्या हातीं द्यावा.