निकाल वाढला, विद्या वाढली काय?

दरसाल माध्यमिक शालान्त परीक्षेचा, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या दहावीचा, निकाल लागला कीं महाराष्ट्रांत दोन दिवस सणासारखे जातात. घरोघर पेढे वांटले जातात, शाळांच्या फाटकांवर शंभर टक्के निकालाचे फलक झळकतात, आणि वर्तमानपत्रें विभागवार शेंकडेवारीचीं कोष्टकें छापून मोकळीं होतात. मुलामुलींच्या आनंदांत आम्हीहि सामील आहों. ज्यांनीं वर्षभर जागून अभ्यास केला त्यांच्या यशाला गालबोट लावण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. पायली लहान केली म्हणजे त्याच राशींतून अधिक पायल्या भरतात. पण त्यामुळें कणगींत एक दाणाहि अधिक येत नाहीं. निकालाचा आंकडा अलीकडे नव्वदीच्या वर स्थिर झाला आहे, तो राशीच्या वाढीमुळें, कीं पायलीच्या लहानपणामुळें?

या प्रश्नाचें उत्तर मंडळाच्याच आंकड्यांत सांपडतें. २०१८ सालीं राज्याचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं तो एकदम ७७.१० वर घसरला, आणि २०२० सालीं पुन्हां ९५.३० वर चढला. महाराष्ट्रांतील मुलें एक वर्ष मंदबुद्धि होऊन पुढच्याच वर्षीं बुद्धिमान् झालीं, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. शाळा त्याच होत्या, शिक्षक तेच होते. बदललें तें इतकेंच कीं, २०१९ च्या परीक्षेपासून नवा अभ्यासक्रम आला, आणि त्याबरोबर भाषा व समाजशास्त्र या विषयांत शाळेनें द्यावयाचे वीस गुण बंद झाले. निकाल कोसळतांच चोहोंकडे ओरड झाली, सरकारनें त्याच वर्षीं ते गुण पुन्हां चालूं केले, आणि पुढच्या निकालानें आकाश गांठलें. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०१८ सालीं १२५ होते, ते २०१९ सालीं २० उरले, व २०२० सालीं २४२ झाले. २०२० सालीं महामारीमुळें भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें दिले गेले, हें खरें. पण तेवढ्यानें अठरा टक्क्यांची उडी होत नाहीं. पुढें २०२१ सालीं तर लेखी परीक्षा झालीच नाहीं; नववीचे गुण व शाळेंतील मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला, आणि तो शेंकडा ९९.९५ लागला! त्या वर्षीं संकट मोठें होतें व दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याबद्दल आम्ही मंडळास दोष देत नाहीं. परंतु निकालाचा आंकडा आणि मुलांचें ज्ञान यांचा संबंध किती सैल आहे, हें त्या एका वर्षानें उघड करून दाखविलें.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें न्यायानें ऐकून घेतलें पाहिजे. शाळेनें द्यावयाचे गुण ही मुळांत वाईट कल्पना नव्हे. तीन तासांच्या लेखी पेपरांत मुलाचें बोलणें, वाचणें, प्रयोग करण्याची हातोटी, हीं कोठून दिसणार? तोंडी परीक्षा प्रामाणिकपणें घेतली तर ती लेखी परीक्षेची उणीव भरून काढते. शिवाय इतर मंडळांच्या शाळांत अंतर्गत गुण मिळत असतां आमच्याच मुलांनीं अकरावीच्या प्रवेशाच्या शर्यतींत मागें कां पडावें, असें पालकांनीं म्हटलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. आमचें भांडण या गुणांशीं नसून ते ज्या सढळ हातानें वांटले जातात त्या हाताशीं आहे. ज्या मुलास शाळेनें वीसपैकीं अठरा गुण आधींच बहाल केले, त्यास उत्तीर्ण होण्याचे पस्तीस भरण्यासाठीं ऐंशी गुणांच्या लेखी पेपरांत सतरा गुण पुरे होतात. म्हणजे पेपराचा चौथा हिस्साहि न येतां विषय सुटला! तोंडी परीक्षा ही परीक्षा न राहतां दक्षिणा झाली, म्हणजे तिच्यापासून गुणी मुलाचेंहि नुकसान आणि अडलेल्या मुलाचेंहि नुकसान.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनें २०२३ सालीं चौदा ते अठरा वर्षें वयाच्या ग्रामीण मुलामुलींची चौकशी केली. त्यांतील सुमारें चतुर्थांश मुलांस आपल्या प्रांताच्या भाषेंतील दुसरीच्या इयत्तेचा मजकूर सरळ वाचतां आला नाहीं, आणि तीन अंकी संख्येस एका अंकानें भागण्याचें गणित निम्म्यांहून अधिकांस सुटलें नाहीं. ही पाहणी साऱ्या देशाची, सव्वीस राज्यांतील अठ्ठावीस जिल्ह्यांपुरती होती. तिचे आंकडे जसेच्या तसे आमच्या दहावीला लावणें बरोबर होणार नाहीं. पण एकीकडे नव्वदीपलीकडचा निकाल आणि दुसरीकडे भागाकाराशीं अडलेलें पोर, हें चित्र ज्यानें आपल्या गांवांत पाहिलें नसेल असा वाचक विरळा.

असें कां होतें? कारण आंकड्यालाच प्रतिष्ठा मिळाली म्हणजे मनुष्य आंकडा वाढविण्याचे मार्ग शोधतो. हा रोग नवा नाहीं व आमच्याच देशाचाहि नाहीं. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनें शाळांचें अनुदान मुलांच्या परीक्षेंतील यशाशीं जोडलें. तेव्हां मॅथ्यू अर्नोल्ड यांनीं, स्वतः शाळातपासनीस असतां, त्या पद्धतीस विरोध केला, कारण ज्याला पैसे मिळतात तेवढेंच शिकविलें जातें व बाकीचें शिक्षण सुकून जातें. त्याच शतकांत मुंबई इलाख्यांतहि निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. अमेरिकेनें २००२ सालीं कायदा करून, बारा वर्षांत प्रत्येक मूल ठराविक परीक्षेंत निपुण झालेंच पाहिजे, असा हुकूम सोडला. परिणाम काय झाला? अटलांटा शहरांत २०११ सालच्या सरकारी चौकशींत ४४ शाळांतून उत्तरपत्रिकांची लबाडी उघडकीस आली. मुलांच्या चुका शिक्षकच खोडून दुरुस्त करीत होते. २०१५ सालीं त्यांपैकीं अकरा जणांस न्यायालयानें दोषी ठरविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो कायदाहि बदलावा लागला.

आमच्याकडे रबर न वापरतां तोच हेतु साधतो. नववींत कच्चा राहिलेला मुलगा शाळेचा निकाल खालीं ओढील अशी भीति वाटली, कीं त्याच्या पालकास बोलावून "सतरा नंबरचा फॉर्म भरा" असें सुचविलें जातें, अशी तक्रार वर्षानुवर्षें कानावर येत आहे. हा फॉर्म खासगी रीतीनें परीक्षेस बसणाऱ्यांच्या सोयीसाठीं आहे. ज्यांचें शिक्षण मध्येंच सुटलें अशा कष्टकरी तरुणांस व गृहिणींस तो उपकारकच आहे. परंतु तोच शाळेचा उंबरठा ओलांडून मुलास बाहेर घालविण्याचें साधन झाला, तर शंभर टक्क्यांचा तो फलक कोणाच्या पाठीवर पाय देऊन लावला, हें विचारण्याचा समाजास अधिकार आहे. ज्या मुलास शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच शाळेनें निरोप द्यावा, यासारखा उलटा न्याय नाहीं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, त्यांत बहुजनसमाजाच्या शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची त्यांची तक्रार होती. आज शाळेचा दरवाजा उघडला आहे, हजेरीपटावर नांव आहे, हातीं प्रमाणपत्रहि आहे. दुर्लक्ष मात्र वेष पालटून वर्गांत येऊन बसलें आहे. डॉक्टरच्या मुलास कच्चा विषय शिकवणींत भरून काढतां येतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलास शाळेशिवाय आसरा नाहीं. त्याला पस्तीस गुण देऊन पुढें ढकललें, तर अकरावीच्या पहिल्या सहामाहींत, किंवा औद्योगिक शाळेच्या पहिल्या मोजमापांत, तें प्रमाणपत्र त्याच्या कामीं येत नाहीं; आणि दोष मात्र तो स्वतःच्या डोक्याला देतो.

तर मग अधिक मुलें नापास करा, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. नापास झालेल्या मुलाची शाळा सुटते व मुलीचें लग्न ठरतें, हें आम्ही विसरलों नाहीं. आम्हांस कठोर परीक्षा नको, खरी परीक्षा हवी. आणि तिच्यामागून शिक्षा न येतां मदत आली पाहिजे. म्हणून आमच्या चार सूचना आहेत. मंडळानें प्रत्येक शाळेचे लेखी गुण व शाळेनें दिलेले गुण निरनिराळे प्रसिद्ध करावे. दोहोंतील अंतर लोकांच्या डोळ्यांपुढें आलें म्हणजे सढळ हात आपोआप आंखडतील. निकालाबरोबर, नववींत पटावर किती मुलें होतीं व त्यांपैकीं किती त्याच शाळेंतून दहावीस बसलीं, हा आंकडाहि छापावा. मुलास किंवा शाळेस कसलाहि धाक न घालतां, दरसाल कांहीं निवडक शाळांतून वाचन, लेखन व गणित यांची तटस्थ चांचणी घ्यावी, म्हणजे राज्याच्या विद्येची खरी स्थिति कळेल. आणि जेथें निकाल खालावेल तेथें नोटीस न पाठवितां शिक्षक पाठवावे. रिकाम्या जागा भराव्या, आणि वर्गावरच्या शिक्षकास निवडणुकीच्या व गणनेच्या कामांतून शक्य तेवढें मोकळें करावें. यांतील पहिल्या दोन सूचनांस फारसा पैसा लागत नाहीं, केवळ उजेडाची तयारी लागते.

आणि दोष केवळ सरकारचा व शाळांचा आहे असेंहि नाहीं. विभागांची चढाओढ मोठ्या अक्षरांत छापणारे आम्ही वर्तमानपत्रकर्ते, फलक पाहून शाळा निवडणारे पालक, आणि निकालाच्या दिवशीं सत्कार करून वर्षभर शाळेकडे न फिरकणारे पुढारी, हे सारे या पायलीचे भागीदार आहेत. यापुढें शाळेची पायरी चढतांना पालकांनीं तिचा निकाल विचारण्याआधीं एवढें विचारावें, कीं तुमच्याकडे कच्चें मूल आलें तर तुम्ही त्याचें काय करतां? ज्या शाळेस या प्रश्नाचें उत्तर देतां येईल, तीच आमच्या मतें शंभर नंबरी. पायली मोठी असो वा लहान, शेवटीं भाकरी व्हावयाची ती धान्याचीच.