‘श्वास’चे कौतुक आणि खेड्यातला आजोबा

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद रास्तच होता. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाल्यानंतर मराठी चित्रपटाला हा मान पुन्हा मिळण्यास पन्नास वर्षे लागली. पुढे भारतातर्फे ऑस्करच्या ‘परभाषी चित्रपट’ विभागासाठी त्याची निवड झाली आणि अमेरिकेतील प्रसाराच्या खर्चासाठी साध्यासुध्या माणसांनी वर्गण्या दिल्या. अंतिम पाच चित्रपटांत मात्र ‘श्वास’ आला नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये ते पारितोषिक स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला मिळाले आणि गाजावाजा ओसरला.

कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतो. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे गमवावे लागणार. शस्त्रक्रियेआधी त्या मुलाला जग एकदा डोळे भरून दाखवावे, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे यांच्या अभिनयातील संयम जाणकारांनी वाखाणला, आणि तो वाखाणण्याजोगाच आहे. पण पारितोषिक, अस्मिता आणि अश्रू यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे पडला. या मुलाच्या आजाराचे निदान इतक्या उशिरा का झाले?

डोळ्यांचा हा कर्करोग लहान मुलांना होतो. बुबुळात दिसणारी पांढरी झाक ही त्याची पहिली खूण. ती वेळीच ओळखली गेली, तर अनेकदा जीवच नव्हे, दृष्टीही वाचते. म्हणजे पडद्यावरची शोकांतिका सर्वस्वी दैवाने लिहिलेली नाही. गाव आणि रुग्णालय यांच्यामधल्या अंतराचाही तिच्यात वाटा आहे.

हे अंतर पाहायला फार लांब जाण्याचे कारण नाही. कर्जतहून आणि खोपोलीहून मुंबईला लोकल जाते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. नकाशावर पाहिले तर हा भाग मागासलेला वाटणार नाही. याच परिसरात, चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी मोगल बादशहाचे महाल उभे राहिले. आणि याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली, तेव्हा मदतीला धावलेल्यांना पायीच डोंगर चढावा लागला, कारण वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे खाली राहिली. जिथे संकटाच्या रात्री यंत्र पोहोचत नाही, तिथले आजारी मूल एरवी खाली कसे येत असेल, हे कुणी सांगण्याची गरज नाही.

‘द सी इनसाइड’ हीदेखील रुग्णशय्येभोवतीच्या कुटुंबाचीच कथा आहे. अपघाताने पंगू झालेल्या रामोन साम्पेद्रो यांची घरच्यांनी वर्षानुवर्षे शुश्रूषा केली, आणि ते स्वतः मात्र मरणाचा हक्क मागत न्यायालयात गेले. त्या चित्रपटाची चर्चा इच्छामरणाच्या प्रश्नापासून वेगळी करताच येत नव्हती. स्पेनमध्ये तसा कायदा २०२१ साली झाला. तो एका चित्रपटाने घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु कुटुंबाच्या दुःखात समाजाचा प्रश्न वाचण्याची सवय तिथल्या चर्चेला होती, एवढे नक्की. आपल्याकडे तेवढ्याच ताकदीच्या कथेतून अभिमान उचलला गेला आणि प्रश्न थिएटरातच राहिला.

ऑस्कर देणाऱ्या संस्थेने २०१९ साली ‘परभाषी’ हा शब्द टाकून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द घेतला. पण वाडीवरून शहरातल्या रुग्णालयात आलेल्या ठाकर वा कातकरी माणसाला तिथले कागद, खिडक्या आणि संमतीपत्रे आजही परभाषीच आहेत. ‘श्वास’मध्ये आजोबांना ही भाषा उलगडून सांगणारी एक समाजसेविका भेटते. अमृता सुभाष यांनी रंगवलेली ही भूमिका कथेला पुढे नेण्यापुरती वाटते. वास्तविक सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे मर्मच तिच्यात आहे. असे माणूस भेटणे हा नशिबाचा भाग राहू नये, तो रुग्णाचा हक्क ठरावा.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच ‘श्वास’ पुन्हा काढावा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर, शाळेच्या पटांगणात पडदा लावून तो दाखवावा. आशा आणि अंगणवाडी सेविकांना सोबत घेऊन बुबुळातली पांढरी झाक आयांना समजावून द्यावी. मग ग्रामसभेत विचारावे : तालुक्याच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात? मुंबईला पाठवलेल्या रुग्णासोबत कोण जाते? नातेवाइकांनी रात्र कुठे काढायची? वाडीचा रस्ता कोणत्या वर्षीच्या आराखड्यात आहे? चित्रपट पाहून डोळे पाणावले, ही सुरुवात झाली. ज्या दिवशी असा एखादा नातू आपल्या दोन्ही डोळ्यांनी वाडीची वाट पाहत घरी परतेल, त्या दिवशी ‘श्वास’चा खरा गौरव झाला असे म्हणता येईल.