उजेड कुणाच्या वाट्याला?

इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता. तो वाचवायला घरमालक खिडक्या विटांनी बुजवत. भाडेकरू अंधारात राहत. कर गेला, पण घरातल्या उजेडाची वाटणी मला आजही न्याय्य वाटत नाही.

आपलीच घरं पाहा. दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी छतभर स्पॉटलाइट, स्वयंपाकघरात मात्र मधोमध एकच दिवा. ओट्याशी उभं राहिलं की स्वतःचीच सावली सुरीवर पडते. आणि तिथे रोज कोण उभं असतं, हे सांगायला नको! प्रयोगशाळेत आम्ही टेबलावर किती लक्स प्रकाश पडतो ते मोजतो. ओट्यावर कोणी मोजत नाही.

भारतातून राहायला येणाऱ्या आई-वडिलांचं काय? साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा जिन्यावरचा दिवा त्यांना पुरत नाही.

उपाय सोपे आहेत. ओट्यावरच्या कपाटांखाली ४००० केल्विनची एलईडी पट्टी, जिन्याच्या दोन्ही टोकांना दिवे, वाचायच्या खुर्चीजवळ स्वतंत्र दिवा. बैठकीत संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळसर, मंद प्रकाश पुरे.

डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. समतेवर आपण भरपूर बोलतो. तेव्हा एकदा घरातही फेरी मारा. सगळ्यात जास्त काम जिथे होतं, तिथेच सगळ्यात कमी उजेड नाही ना?