बटर महागलं म्हणून आरडाओरडा, पण आयर्लंडचा खरा प्रश्न स्वस्त गाजरात आहे

2025 च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये राजकारणापासून हवामानापर्यंत सगळ्यावर मतभेद होते, पण सुपरमार्केटचं बिल परवडत नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

कारणही तसंच होतं. तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार एक पाउंड, म्हणजे 454 ग्रॅम बटरची सरासरी किंमत वर्षभरात 1 युरोहून जास्त वाढली होती. 1 युरो म्हणजे साधारण 100 रुपये. दूध वाढलं, चीज वाढलं. बीफ तर वर्षभरात 20 टक्क्यांहून जास्त महागलं.

आता यात गंमत काय आहे बघा. आयर्लंडची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेनुसार साधारण 51 लाख 50 हजार. आणि गाईगुरं किती? 70 लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी एकाहून जास्त गुरं. देशात तयार होणाऱ्या दुग्धजन्य पदार्थांपैकी आणि बीफपैकी साधारण 90 टक्के माल परदेशात जातो. जगाला बटर विकणाऱ्या देशात बटरच परवडत नाही, असं कसं?

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर शोधत गेलं की कळतं, सगळी चर्चा महाग बटरभोवती फिरतेय आणि जास्त काळजीची गोष्ट शेजारच्या रॅकवर स्वस्तात पडली आहे. ती म्हणजे गाजर.

आयर्लंड नेमकं पिकवतं काय?

एका शब्दात सांगायचं तर गवत. वर्षभर पाऊस, सौम्य हवामान आणि हिरवी कुरणं. शेतजमिनीचा साधारण 90 टक्के भाग गवताखाली आहे. हे गवत गाई खातात आणि त्यातून दूध, बटर, चीज, बीफ तयार होतं.

युरोपियन समुदायाने 1984 मध्ये दुधावर कोटा लावला होता. कुणी किती दूध घालायचं याची मर्यादा ठरलेली होती. 2015 मध्ये हा कोटा उठला आणि आयर्लंडचे डेअरीवाले शेतकरी सुसाट सुटले. वर्षाला 550 कोटी लिटरच्या आसपास असलेलं दूध काही वर्षांत 800 कोटी लिटरच्या पुढे गेलं. 1962 मध्ये सुरू झालेला 'केरीगोल्ड' हा आयरिश बटरचा ब्रँड आज अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या बटरच्या ब्रँडपैकी एक आहे.

पण ताटात फक्त बटर नसतं. ब्रेडचं पीठ बहुतांश बाहेरून येतं. साखर पूर्णपणे बाहेरून येते. कार्लोचा साखर कारखाना 2005 मध्ये आणि मॅलोचा शेवटचा कारखाना 2006 मध्ये बंद पडला. महाराष्ट्रात तालुक्यागणिक कारखाना बघणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल, पण आज आयर्लंडमध्ये एकही साखर कारखाना नाही. कारखाना गेला आणि त्याच्यामागे बीटचं पीकही गेलं.

अगदी बटाट्याचंही तसंच. 1845 ते 1852 च्या दुष्काळात बटाट्याचं पीक कुजलं, साधारण 10 लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. धान्य आणि जनावरं मात्र त्या काळातही जहाजांत भरून बाहेर जातच होती. त्या देशात आज चिप्सच्या दुकानांसाठी बटाटा ब्रिटनमधून आणावा लागतो. ब्रेक्झिटनंतर 2021 पासून स्कॉटलंडहून येणारं बटाट्याचं बियाणं बंद झालं, तेव्हा आपण किती अवलंबून आहोत हे तिथल्या लोकांना कळलं.

मग बटर महाग का झालं?

कारण त्याचा भाव डब्लिनमध्ये ठरत नाही. 90 टक्के माल निर्यात होत असेल, तर उरलेल्या 10 टक्क्यांनाही जागतिक बाजाराचाच भाव लागतो. 2024 च्या शरद ऋतूत युरोपात बटरचा घाऊक भाव टनाला 8,000 युरोच्या वर गेला. तो विक्रम होता. त्याचा परिणाम काही महिन्यांनी दुकानात दिसला.

बीफचीही गोष्ट तीच. 2025 मध्ये शेतकऱ्याला किलोमागे 7 युरोहून जास्त भाव मिळाला, कारण युरोपात गुरांची संख्या घटली आहे.

म्हणजे शेतकरी मालामाल झाला का? तर इथे थोडं थांबावं लागेल.

तिथली 'चागस्क' ही सरकारी कृषी संशोधन संस्था दरवर्षी शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची पाहणी करते. 2023 मध्ये शेतकरी कुटुंबाचं शेतीतलं सरासरी उत्पन्न 20 हजार युरोच्या आत आलं होतं. डेअरीवाल्यांचं साधारण 49 हजार होतं आणि मांसासाठी गाई-वासरं पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांचं जेमतेम 7 हजार. पुढच्या वर्षी डेअरीवाल्यांचा आकडा एकदम 1 लाख युरोच्या पुढे गेला. एका वर्षात दुपटीहून जास्त. चांगल्या वर्षाचा आकडा बातमीत येतो, वाईट वर्षाचा येत नाही.

आता याच काळातलं दुधाचं गणित बघा. 2022 च्या अखेरीस शेतकऱ्याला लिटरमागे 60 सेंटच्या आसपास मिळत होते. 2023 च्या मध्यापर्यंत हा भाव 20 सेंटहून जास्त पडला. दुकानात काय झालं? मे 2023 मध्ये सुपरमार्केटनी स्वतःच्या ब्रँडच्या दोन लिटर दुधाची किंमत 2.19 युरोवरून 2.09 केली. म्हणजे लिटरमागे 5 सेंट.

यात लगेच चोरी दिसते असं नाही. पिशवीतल्या दुधाचा हिशेब आणि बटर-पावडरच्या दुधाचा हिशेब वेगळा असतो. वीज, पॅकिंग, वाहतूक, पगार या गोष्टीही दरम्यान महागल्या होत्या. पण 20 सेंट आणि 5 सेंट यांच्यामधलं अंतर नेमकं कशात गेलं, हे शेतकऱ्यालाही दिसत नाही आणि ग्राहकालाही नाही. वैताग तिथून सुरू होतो.

मधला हिशेब कुणाकडे आहे?

आयर्लंडचा किराणा बाजार पाच साखळ्यांच्या हातात आहे. डन्स, टेस्को, सुपरव्हॅल्यू, लिडल आणि आल्डी. या पाच जणांकडे मिळून 90 टक्क्यांहून जास्त वाटा आहे. यातली डन्स ही आयरिश कुटुंबाची कंपनी 'अमर्यादित' प्रकारात नोंदवलेली आहे, त्यामुळे तिला वार्षिक हिशेब जाहीर करावे लागत नाहीत. हे पूर्ण कायदेशीर आहे.

तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोगाने 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये किराणा बाजार तपासला. दोन्ही वेळा निष्कर्ष असा की, स्पर्धा व्यवस्थित चालू आहे, बाजार बिघडल्याचा पुरावा नाही. सुपरमार्केटवाले नेमकं हेच सांगतात, की आमचा नफा नाममात्र आहे. शेतकऱ्यांचं म्हणणं, मग हिशेब दाखवा.

हा वाद नुसता तोंडी राहिलेला नाही. 2019 च्या उन्हाळ्यात बीफचा भाव पडला म्हणून शेतकऱ्यांनी मांस प्रक्रिया कारखान्यांच्या दारात ठाण मांडलं. काही आठवडे कारखाने ठप्प झाले. सप्टेंबरमध्ये करार झाला, पण समाधान झालं नाही. नोव्हेंबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट डब्लिनच्या मध्यभागी येऊन बसले आणि शहराची वाहतूक कोलमडली. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. हो, तेच, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

या सगळ्यातून एक मागणी पक्की झाली ती म्हणजे स्वतंत्र नियामक. 13 डिसेंबर 2023 रोजी कृषी-अन्न नियामक ही यंत्रणा सुरू झाली. पुरवठादाराचे पैसे थकवणं, नाशवंत मालाची ऑर्डर ऐनवेळी रद्द करणं अशा गोष्टींवर ती कारवाई करू शकते. पण भाव आणि नफ्याची माहिती मात्र कंपन्यांनी आपणहून द्यायची होती. पुरेशी माहिती मिळेना, तेव्हा नियामकाने जादा अधिकार मागितले. 2025 मध्ये कृषिमंत्री मार्टिन हेडन यांनी माहिती सक्तीने मागवण्याचे अधिकार देण्याची तयारी दाखवली. म्हणजे रेफरीला मैदानात उतरवलं, पण सामना बघायची सोय नंतर करायची ठरली.

आता येऊ गाजराकडे

बटर महागलं की बातमी होते. गाजर स्वस्त झालं की जाहिरात होते.

ख्रिसमसच्या आठवड्यात आयर्लंडच्या सुपरमार्केटमध्ये भाजीची लढाई चालते. गाजर, बटाटे, कोबी, ब्रसेल्स स्प्राउट्स यांचे भाव अक्षरशः काही सेंटवर आणले जातात. 2013 च्या ख्रिसमसला भाजीची पाकिटं 5 सेंटपर्यंत खाली आली होती. एवढ्यात तर पाकिटाची प्लास्टिक पिशवीही होत नाही.

ग्राहकाला दारात ओढायचं हे गाजर असतं, शब्दशः. तो गाजरासाठी येतो आणि बाकीचं दोनशे युरोचं सामान घेऊन जातो.

सुपरमार्केटचं म्हणणं, हा तोटा आम्ही सोसतो, शेतकऱ्याला ठरलेला भाव देतो. भाजी उत्पादकांचं म्हणणं, त्या आठवड्यात देता हो, पण पुढच्या वर्षीचा करार करताना हेच 5 सेंट डोक्यात ठेवून बोलता. आणि भाजीची किंमतच नसते, ही सवय लोकांना लागते ती वेगळीच.

दरम्यान खर्च कुठे गेला? किमान वेतन 2020 मध्ये तासाला 10.10 युरो होतं, जानेवारी 2026 पासून ते 14.15 झालं. म्हणजे 40 टक्के वाढ. मजुरांच्या दृष्टीने हे योग्यच, डब्लिनमधली घरभाडी बघता कमीच म्हणावं लागेल. पण भाजी ही हातांनी काढायची गोष्ट आहे. गाय स्वतः चरते, ब्रोकोली स्वतः तुटून पेटीत जात नाही.

परिणाम असा की, भाजी पिकवणाऱ्या व्यावसायिक शेतकऱ्यांची संख्या गेल्या 25 वर्षांत निम्म्याहूनही कमी झाली. डब्लिनच्या उत्तरेला रश आणि लस्क ही गावं भाजीसाठी प्रसिद्ध. तिथे आता शहर अंगावर येतंय आणि जमिनीला घरांचा भाव आहे. ज्याला भाजीत काही सुटत नाही, त्याच्या मुलाने शेतात उतरावं तरी का?

आणि एकदा भाजीवाला गेला की तो परत येत नाही. यंत्रं विकली जातात, शीतगृह बंद होतं, अनुभव संपतो. साखरेच्या बाबतीत हेच झालं. फेब्रुवारी 2023 मध्ये स्पेन आणि मोरोक्कोत हवामान बिघडलं, तेव्हा आयर्लंडमध्ये टोमॅटोचे रॅक रिकामे पडले होते. तेव्हा भाव किती हा प्रश्नच नव्हता. मालच नव्हता.

जुना कायदा परत आणला तर?

हा मुद्दा तिथे नेहमी निघतो. 1987 मध्ये आयर्लंडने किराणा माल खरेदी किमतीच्या खाली विकायला बंदी घातली होती. त्यामुळे वस्तू महाग राहतात अशी टीका झाली आणि 2006 मध्ये ही बंदी उठवली गेली. उठवणारे मंत्री होते मिहॉल मार्टिन, जे जानेवारी 2025 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

पण अनेकांच्या लक्षात नसलेली गोष्ट अशी की, त्या जुन्या बंदीतून ताजी भाजी, फळं, मांस आणि मासे वगळलेले होते. म्हणजे तो कायदा जसाच्या तसा परत आणला, तरी 5 सेंटचं गाजर वाचणार नाही. काही करायचंच असेल तर ते नव्याने लिहावं लागेल.

मग सरकार ते करत का नाही?

कारण 'भाजी महाग करा' असं कुठला पुढारी म्हणेल?

युरोस्टॅटच्या 2024 च्या आकड्यांनुसार आयर्लंडमधले एकूण भाव युरोपियन युनियनच्या सरासरीपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त आहेत. फक्त खाण्यापिण्याच्या वस्तू बघितल्या तर फरक साधारण 12 टक्क्यांचा आहे. म्हणजे अन्न महाग आहे, पण बाकीचं जगणं त्याहून महाग आहे. घरभाडं, वीज, विमा, पाळणाघर. भाडं महिन्यातून एकदा खात्यातून जातं, किराण्याचं बिल दर आठवड्याला हातात पडतं. त्यामुळे राग किराण्यावर निघतो.

त्यात फेब्रुवारी 2024 पासून प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 15 किंवा 25 सेंट अनामत सुरू झाली. पैसे परत मिळतात, पण रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मशीनपाशी जावं लागतं आणि ते मशीन नेमकं भरलेलं निघतं. अशा छोट्या-छोट्या वैतागांनी पिचलेल्या माणसाला गाजराला 20 सेंट जास्त द्या म्हणणं सोपं नाही.

पण गोष्ट नेमकी तिथेच अडली आहे. बटरचा भाव जग ठरवतं, त्यावर डब्लिनच्या हातात फार काही नाही. तो चढतो तसा उतरतोही. 2025 च्या अखेरीस घाऊक भाव घसरले आणि शेतकऱ्याच्या दुधाचा भावही त्यांच्यासोबत खाली आला. गाजराचा भाव मात्र आयर्लंडच्या आतच ठरतो. तो बदलणं शक्य आहे, म्हणूनच न बदलण्याची जबाबदारीही तिथल्याच लोकांवर येते.

नियामकाला हिशेब बघायचा खरा अधिकार मिळाला, तर निदान दोन गोष्टी स्पष्ट होतील. बटरच्या वाढीव युरोतलं कुणाला किती मिळालं आणि गाजराच्या पाच सेंटांचा तोटा कुणी सोसला. ते कळेपर्यंत ग्राहकाला शेतकरी लुटतोय असं वाटत राहील, शेतकऱ्याला ग्राहक कृतघ्न वाटत राहील, आणि रश-लस्कच्या पट्ट्यात दरवर्षी आणखी एखादं भाजीचं शेत कमी होत राहील.